दुसरा प्याला कोणता? घरगुती समारंभासाठी नऊ वाइन चाखल्यावर

सुट्टीतील समारंभ आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल आवरताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. आठवडाभर आधी घेतलेल्या चाचणीत जिला सर्वाधिक गुण मिळाले होते, त्या वाइनच्या दोन बाटल्यांपैकी एकीहून अधिक वाइन तशीच शिल्लक होती आणि जिला आम्ही ‘ठीक आहे, हलकी आहे’ एवढाच शेरा देऊन पाचव्या क्रमांकावर बसवले होते, तिच्या दोन्ही बाटल्या जेवण अर्ध्यावर येण्यापूर्वीच रिकाम्या झाल्या होत्या. पुढील परीक्षण या विसंगतीभोवती लिहिले आहे. चाखताना आवडलेली वाइन आणि माणसे गप्पा मारत, जेवत, तासन्‌तास पितात ती वाइन, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला पूर्वी ऐकून ठाऊक होते. या वेळी ते मोजून पाहता आले.

चाचणीची पद्धत आधी सांगतो. आम्ही पाच जण होतो आणि बाटल्या नऊ होत्या: एक ब्रूट (कमी साखरेची) शॅम्पेन, इटलीची फसफसणारी प्रोसेको, स्पेनची फसफसणारी ग्रान रेझेर्वा कावा, जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यातील काबिनेट दर्जाची रीसलिंग, ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने, एक पिनो न्वार, फ्रान्सच्या बोजोले भागातील लाल फ्लरी, एक धष्टपुष्ट कॅबर्ने सोव्हिन्याँ आणि १० वर्षे असा उल्लेख असलेली टॉनी पोर्ट ही गोड वाइन. सोतर्न या फ्रान्समधील गोड वाइनची ३७५ मि.ली.ची अर्धी बाटली नंतर हौसेने त्यात भर म्हणून आली. प्रत्येकाला प्रत्येक वाइन साधारण ४० मि.ली. ओतली, थुंकण्यासाठी भांडी ठेवली आणि बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळून त्यांवर फक्त आकडे लिहिले. उरलेली वाइन बूच लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली, कारण समारंभात अर्धवट उरलेल्या बाटल्यांचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक यजमानापुढे येतोच.

बाटली झाकण्याचा हा खटाटोप काहींना बालिश वाटेल. तथापि डोळे जिभेला किती फसवतात याचे एक उदाहरण वाइनच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. बोर्दोमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोनदा देण्यात आली, एकदा जशीच्या तशी आणि एकदा गंधहीन लाल रंग मिसळून. रंगवलेल्या वाइनचे वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची ही गत असेल, तर लेबलावरचे मोठे नाव आणि त्यावरचा सोनेरी मुलामा यांच्या प्रभावातून आपण सुटू, असे मानण्यात अर्थ नाही.

फसफसणाऱ्या वाइनपासून सुरुवात करतो, कारण समारंभाची सुरुवातही तिनेच होते. निदान तिनेच व्हावी. पुष्कळ घरांत ही बाटली शेवटी, गोड पदार्थ पुढे आल्यावर, शुभेच्छांचा प्याला म्हणून उघडली जाते. आम्ही मुद्दाम हा प्रयोग करून पाहिला. गोडाचा घास घेतल्यानंतर तीच ब्रूट शॅम्पेन, जी तासाभरापूर्वी सर्वांना मोहक वाटली होती, ती लिंबाच्या पाण्यासारखी आंबट आणि रोडावलेली लागली. वाइनमध्ये पदार्थापेक्षा कमी साखर असेल, तर जिभेला तिचा फक्त आंबटपणा उरतो. हीच वाइन उपाशीपोटी, खारट तोंडी लावण्याबरोबर दिली, तर त्याच आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटते आणि भूक खुलते.

येथे लेबलावरील एका शब्दाबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ असे लिहिलेली बाटली ‘ब्रूट’ बाटलीपेक्षा अधिक कोरडी, म्हणजे कमी गोड, असेल, अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रूट वाइनमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असते, तर एक्स्ट्रा ड्राय वाइनमध्ये १२ ते १७ ग्रॅम. त्याच्याही पुढचा ‘ड्राय’ हा शब्द १७ ते ३२ ग्रॅमसाठी वापरतात, आणि खरोखर कोरडी हवी असेल तर ‘ब्रूट नेचर’ शोधावी लागते, जिच्यात ३ ग्रॅमहून कमी साखर असते आणि वरून साखर घातलेली नसते. ही परिभाषा ज्यांनी ठरवली, त्यांच्या काळी फसफसणाऱ्या वाइन आजच्यापेक्षा पुष्कळ गोड असत, एवढेच तिचे समर्थन करता येते. आमची प्रोसेको एक्स्ट्रा ड्राय होती आणि मी ती घेतली तेव्हा हे मला ठाऊक होते; चाखताना मात्र एकाने ती ‘गोडसर’ म्हणून बाजूला सारली, तर दुसऱ्याने त्याच कारणासाठी तिला वरचा क्रमांक दिला.

प्रोसेको, कावा आणि शॅम्पेन यांत बुडबुडे सारखेच दिसत असले, तरी त्यांच्या जन्माची कहाणी वेगळी आहे आणि ती थेट चवीत उतरते. प्रोसेकोमध्ये किमान ८५ टक्के ग्लेरा द्राक्षे असतात आणि बुडबुडे देणारे तिचे दुसरे किण्वन सहसा मोठ्या बंद टाकीत होते, त्यामुळे नाशपाती, सफरचंद आणि फुलांचा ताजा वास तसाच टिकतो. परंतु त्याखाली फारसे काही नसते. शॅम्पेन आणि कावा यांचे दुसरे किण्वन त्याच बाटलीत होते, जी आपल्या हाती येते, आणि त्यानंतर वाइन मृत यीस्टच्या गाळावर पडून राहते. या मुरण्यातून भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा आणि सुक्या मेव्याचा वास येतो. व्हिंटेज नसलेली, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची नसलेली, शॅम्पेन बाजारात येण्यापूर्वी किमान १५ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १२ महिने गाळावर; कावाच्या साध्या बाटलीला ९ महिने पुरतात, पण ग्रान रेझेर्वा म्हणवून घेण्यासाठी किमान ३० महिने लागतात. म्हणजे कावाची वरच्या दर्जाची बाटली घेतली, तर ती साध्या शॅम्पेनपेक्षा गाळावर अधिक काळ मुरलेली असते. केवळ कालावधीने वाइन मोठी होत नाही, हे खरे आहे. शॅम्पेनमधील शार्डोने, पिनो न्वार आणि म्यूनिए या द्राक्षांचा थंड प्रदेशातील टोकदार आंबटपणा कावाच्या माकाबेओ, शारेलो आणि पारेयादा या द्राक्षांत तितका नसतो. तरीही पिशवीत गुंडाळलेल्या अवस्थेत आमच्यापैकी तिघांनी कावालाच शॅम्पेन समजून लिहिले, आणि त्या तिघांत मीही होतो. समारंभासाठी दोन बाटल्या घेतल्या त्या कावाच्या.

शॅम्पेनवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. प्याल्यात वीस मिनिटे ठेवल्यानंतर, बुडबुडे मंदावल्यावर आणि थंडावा थोडा ओसरल्यावर, तिच्यात जे उलगडत गेले ते कावात उलगडले नाही: आधी खडूसारखी कोरडी चव, मग लिंबाची साल, मग ताज्या लोण्याची आठवण करून देणारा वास. दोन-तीन जण शांत बसून पिणार असतील, तर मी शॅम्पेनच उघडेन. दहा जण एकाच वेळी उभे राहून गप्पा मारत असतील, तर त्या वीस मिनिटांची वाट कोणी पाहत नाही.

बाटली उघडण्याची रीत वाइन सांडू नये म्हणून नव्हे, तर कोणाचा डोळा जाऊ नये म्हणून पाळावी. आत ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या दुप्पट-तिप्पट. बाटली नीट थंड करावी, तारेची जाळी सहा अर्ध्या वळशांत सैल करावी, पण अंगठा बुचावरून उचलू नये. बाटली तिरकी धरून बूच एका हाताने घट्ट पकडावे आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवावी. स्फोटाचा आवाज आला, तर काम फसले असे समजावे. सुस्काऱ्यासारखा आवाज आला, तर ते उत्तम झाले. उंच अरुंद प्याल्यात बुडबुडे देखणे दिसतात, पण वासाला जागा राहत नाही. आम्ही ट्यूलिपच्या आकाराचे, पांढऱ्या वाइनचे साधे प्याले वापरले आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

आता रीसलिंग. या परीक्षणात मी जिच्याबद्दल सर्वांत मोकळेपणाने लिहू शकतो ती हीच, कारण तिने माझे मत बदलले. मोझेलच्या काठच्या पाटीच्या दगडांच्या तीव्र उतारांवर, जेथे यंत्र चढत नाही आणि माणसालाही तोल सांभाळून उभे राहावे लागते, तेथे ही द्राक्षे पिकतात. काबिनेट हा तेथील द्राक्षांच्या पक्वतेनुसार केलेल्या वर्गवारीतील सर्वांत हलका दर्जा. आमच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ८.५ टक्के होते, आणि हा आकडा अशा बाटलीच्या बाबतीत वाचकाला फार उपयोगी पडणारा आहे: प्रमाण ८-९ टक्के असेल, तर किण्वन मध्येच थांबवून द्राक्षाची काही साखर राखलेली असते आणि वाइन गोडसर असते, १२ टक्क्यांच्या आसपास असेल, तर बहुतेक साखर संपलेली असते आणि वाइन कोरडी असते. लेबलावरील लांबलचक गावनावे न कळणाऱ्यालाही हा आकडा वाचता येतो.

‘गोडसर’ हा शब्द ऐकताच वाइनच्या जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडतात. आमच्या चाचणीतही हेच झाले. पाचपैकी दोघांनी पहिल्याच घोटाला ‘सरबत’ असे लिहिले. परंतु या वाइनमध्ये आंबटपणा इतका जोरकस असतो की साखर त्याला टेकून उभी असते. घोट गिळल्यावर गोडवा मागे उरत नाही, उरते ती हिरव्या सफरचंदाची, लिंबाच्या सालीची आणि पाऊस पडून गेलेल्या दगडाची चव. या दगडाच्या चवीला शास्त्रीय आधार नाही असे भूगर्भतज्ज्ञ सांगतात, कारण खडकातील खनिजे मुळांवाटे चवीच्या रूपात द्राक्षात उतरत नाहीत. मला ते मान्य आहे, तरीही दुसरा शब्द सुचत नाही. समारंभाच्या दिवशी मसालेदार, खारट, गोडसर असे सगळे एकाच टेबलावर मांडलेले असताना या सर्वांशी जुळवून घेणारी ही एकच वाइन निघाली. तिखटावर जास्त मद्यार्काची वाइन प्याली, तर जळजळ वाढते. कमी मद्यार्क आणि थोडी साखर असेल, तर ती शमते. दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या आणि ‘सरबत’ असे लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाने तिसरा प्याला मागितला. मी त्यांना त्यांचाच कागद दाखवण्याचा मोह टाळला.

ओकच्या पिंपात मुरलेल्या शार्डोनेबद्दल थोडक्यात सांगता येईल. वाइन निर्दोष होती. लोणी, व्हॅनिला आणि भाजक्या लाकडाचा वास स्पष्ट होता, अंग भरदार होते. पहिला घोट तृप्त करतो आणि दुसरा घोट तीच तृप्ती पुन्हा सांगतो. जड, मलईदार पदार्थ मुख्य असतील तर ती योग्य ठरेल. आमच्याकडे ते नव्हते, म्हणून तिची निवड झाली नाही.

पिनो न्वारचे परीक्षण करता आले नाही, आणि त्याचे कारण प्रत्येक यजमानाने समजून घ्यावे असे आहे. पिशवीतील बाटली प्याल्यात ओतताच ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला. हा बुचाचा दोष. बुचाच्या सालीत टी.सी.ए. नावाचे संयुग तयार झालेले असते आणि ते इतके तीव्र असते की एका लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम एवढ्या अंशानेही नाकाला जाणवते. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, पण फळाचा सगळा वास दडपला जातो. बाटली काही वेळ उघडी ठेवून किंवा डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या सुरईत, ओतून तो जात नाही. खरा धोका असा की दोष सौम्य असला तर पुठ्ठ्याचा वास येतच नाही, वाइन फक्त मुकी वाटते, आणि पाहुणे समजतात की यजमानाने निकृष्ट वाइन आणली. म्हणून समारंभाच्या दिवशी प्रत्येक बाटली उघडल्यावर स्वतः एक घोट चाखल्याखेरीज दुसऱ्याच्या प्याल्यात ओतू नये आणि प्रत्येक प्रकारात एक बाटली अधिक ठेवावी. ज्या दुकानातून मी ही बाटली घेतली होती, तेथे ती परत नेली असता विक्रेत्याने ‘लाल वाइनला असाच वास असतो’ असे सांगितले. बुचाचा दोष ओळखता न येणाऱ्या ठिकाणी वाइन घेऊ नये, एवढा निष्कर्ष मी तेथेच काढला आणि पुढील खरेदी दुसरीकडे केली.

आता ज्या दोन लाल वाइनमुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्यांच्याकडे वळतो. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्रान्क आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षांच्या संकरातून आलेली जात आहे, हे १९९० च्या दशकात डी.एन.ए. तपासणीतून सिद्ध झाले. लाल आणि पांढऱ्या द्राक्षांचे हे अपत्य आज जगातील सर्वाधिक लागवड असलेल्या जातींपैकी एक आहे. आमच्या बाटलीत मद्यार्क १४.५ टक्के होता. काळ्या मनुका, देवदाराचे लाकूड, पेन्सिलचे टोक काढताना येणारा वास, जाड तुरटपणा आणि मिनिटभर रेंगाळणारी चव. पाचपैकी चौघांनी तिला पहिला क्रमांक दिला. ४० मि.ली.च्या मोजक्या घोटात, सात-आठ वाइन एकामागून एक चाखत असताना, जी सर्वांत मोठ्याने बोलते तीच ऐकू येते.

समारंभात तिचे काय झाले, ते टॅनिनच्या, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाच्या, गुणधर्मावरून समजते. लाल वाइनमधील तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येतो. तोंडात गेल्यावर टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा गुळगुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ कोरडी पडते. सोबत स्निग्ध, प्रथिनयुक्त पदार्थ असेल, तर ते टॅनिनला गुंतवून ठेवतात. परंतु गप्पांच्या टेबलावर माणसे घासागणिक घोट घेत नाहीत. घोट आधी आणि घास उशिरा असे चाललेले असते, आणि तुरटपणा घोटाघोटाने साचत जातो. पहिल्या प्याल्यावर सर्वांनी मान डोलावली, दोघांनी दुकानाचा पत्ता विचारला, आणि दुसऱ्या प्याल्याला जवळजवळ सर्वांनी ‘आता ती दुसरी द्या’ असे म्हटले. दोन्ही बाटल्या डिकँटरमध्ये ओतून ठेवण्याची घाई मीच केली होती, त्यामुळे उरलेली वाइन परत बाटलीत भरण्याचेही काम माझ्याच वाट्याला आले.

‘ती दुसरी’ म्हणजे फ्लरी. बोजोलेच्या उत्तर भागात ज्या १० गावांना अथवा परिसरांना स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा मान आहे, त्यांपैकी हे एक. त्यांच्या लेबलावर ‘बोजोले’ हा शब्द पुष्कळदा सापडतही नाही, म्हणून मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ अशी नावे लक्षात ठेवावी लागतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी गाजावाजाने बाजारात येणाऱ्या बोजोले नूव्होशी यांची गल्लत करू नये. ती त्याच वर्षाची, काही आठवड्यांची वाइन असते आणि लवकर पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. द्राक्ष मात्र दोन्हींत एकच, गामे. या बिचाऱ्या द्राक्षाचा इतिहास अपमानाचा आहे: १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने त्याला कुचकामी ठरवून आपल्या भूमीतून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते टिकून राहिले, आणि तेच त्याला मानवले.

या भागात द्राक्षांचे घोस बहुधा न चुरडता, अखंडच टाकीत भरतात. कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या त्या वातावरणात किण्वनाची सुरुवात प्रत्येक फळाच्या आतच होते. त्यामुळे सालीतील तुरटपणा कमी उतरतो, आणि लाल चेरी, रास्पबेरी, व्हायोलेटची फुले असा वास भरभरून येतो. चाचणीत आम्ही तिला पाचवा क्रमांक दिला, कारण ती कॅबर्नेच्या आधी आली असती तर वेगळे झाले असते, पण नंतर आली. धिप्पाड माणसाशेजारी उभा केलेला सुदृढ माणूसही किरकोळ दिसतो. समारंभात मी ती १३-१४ अंशांवर, म्हणजे किंचित थंड दिली. या थंडाव्याने तिचा आंबटपणा चमकून उठला. ती पांढऱ्या वाइनप्रमाणे तहान भागवते आणि लाल वाइनप्रमाणे जेवणाला साथ देते, आणि कोणालाही तिच्याबद्दल बोलण्यास भाग पाडत नाही. घरच्या गर्दीत हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच लिहितो: महागडे प्याले आणि डिकँटर यांवर जेवढे लक्ष खर्च होते, त्याच्या चौथाई जरी थर्मामीटरवर केले तरी त्याच बाटल्या पुष्कळ बऱ्या लागतील. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानावर द्यावी’ हा सल्ला ज्या काळातला आहे त्या काळच्या खोल्या आजच्यासारख्या उबदार नसत. भरदार लाल वाइनलाही १६ ते १८ अंश पुरेसे असतात. २४-२५ अंशांवर मद्यार्क नाकात शिरतो, फळ शिजवल्यासारखे लागते. उलट पांढरी वाइन फ्रिजमधून थेट ओतली तर ४-५ अंशांना तिचा वास गोठलेला असतो. ती पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी. ऐन वेळी थंड करायची झाल्यास नुसत्या बर्फापेक्षा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांच्या मिश्रणात बाटली मानेपर्यंत बुडवावी. बर्फाचे खडे बाटलीला जागोजागी टेकतात, पाणी तिला सर्व बाजूंनी वेढते, आणि मिठामुळे त्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. वीस मिनिटांत काम होते.

गोड वाइनबद्दल दोन शब्द. सोतर्न ही चाचणीतील सर्वांत विलक्षण वाइन होती, यावर पाचही जणांचे एकमत झाले. सिराँ या लहान नदीचे थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळते तेथे शरद ऋतूत सकाळी धुके दाटते, त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते, साल सच्छिद्र होते, पाणी उडून जाते आणि साखर, आंबटपणा व वास घट्ट होऊन राहतात. मध, जर्दाळू, केशर, संत्र्याची साल. आणि या सर्वांना कंटाळवाणे होऊ न देणारा आंबटपणा. तरीही तिला पातळ प्याल्यात, शांतपणे, दोन घोट एवढेच द्यावे लागते, आणि बारा जणांच्या गोंधळात ती हरवली असती. अर्धी बाटली आम्ही पाच जणांनीच संपवली, याची मला यत्किंचितही खंत नाही.

समारंभाच्या शेवटासाठी टॉनी पोर्ट निवडली. पोर्तुगालमधील दोरूच्या खोऱ्यात किण्वन चालू असतानाच द्राक्षाचे स्पिरिट मिसळून ते थांबवतात, त्यामुळे साखर राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. लेबलावरील १० वर्षे हे त्या बाटलीचे नेमके वय नसून लाकडी पिंपात मुरलेल्या वाइनच्या मिश्रणाची शैली दर्शवणारा आकडा आहे. अक्रोड, सुके अंजीर, जळती साखर असा वास. आणि थोडी थंड करून दिली, तर गोडवा आटोक्यात राहतो. एकेका पाहुण्याला ५० मि.ली. पुरते.

प्रमाणाचा हिशेबही देतो. एकूण बारा जण होतो, त्यांपैकी दोघे मद्य घेत नव्हते. त्यांना त्याच आकाराच्या प्याल्यांत द्राक्षांचा रस आणि सोडा दिला, जेणेकरून हातात वेगळे भांडे घेऊन त्यांना कोणाला उत्तरे देत बसावे लागू नये. उरलेल्या दहा जणांत सहा तासांत कावाच्या दोन, रीसलिंगच्या दोन, फ्लरीच्या दोन बाटल्या, कॅबर्नेची बाटलीभराहून थोडी कमी आणि पोर्टची दोन-तृतीयांश बाटली संपली. म्हणजे माणशी पाऊण बाटलीच्या आसपास. प्रत्येक प्याल्याशेजारी पाण्याचा पेला होता, आणि गाडी चालवणारे कोण हे संध्याकाळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले होते.

शिल्लक वाइनची नोंद अशी. चाचणीनंतर दुसऱ्या दिवशी कावा, दाबाचे झाकण लावलेली, बऱ्यापैकी फसफसत होती; प्रोसेकोच्या तोंडात एका मित्राच्या आग्रहावरून चांदीचा चमचा अडकवला होता, त्या चमच्याने काहीही राखले नाही. रीसलिंग तीन दिवस जशीच्या तशी राहिली. फ्लरीचा सुवास दुसऱ्याच दिवशी निम्मा झाला. कॅबर्ने मात्र दुसऱ्या दिवशी अधिक मऊ आणि अधिक चांगली लागली, आणि समारंभानंतरच्या संध्याकाळी, घरात आम्ही तिघेच असताना, टेबलावर फक्त जाड भाजलेले मांस आणि उरलेले चीज असताना, मी ती पुन्हा ओतली तेव्हा चाचणीतील चौघांचे गुण मला अजिबात चुकीचे वाटले नाहीत.

पुढच्या वेळी खरेदीची यादी बदलेल ती एवढीच: कावाच्या दोनऐवजी तीन बाटल्या, रीसलिंग आणि फ्लरी प्रत्येकी तीन, कॅबर्ने एक आणि तीही पाहुणे गेल्यानंतर उघडण्यासाठी. टॉनी पोर्ट पिंपातच हवेशी मिसळून मुरलेली असल्याने उघडल्यावरही काही आठवडे टिकते. तिचा उरलेला तिसरा हिस्सा अजून फ्रिजच्या दारात आहे.